त्रेचाळीस इंची आत्या

भोपाळात बसून पुण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं, यात अवघड असं काय आहे? लॅपटॉप आहे, टीव्ही आहे, दोघांना जोडायला वायर आहे. आणि मी आहे!

हे मी आईला फोनवर ठणकावून सांगितलं तो गुरुवार होता. बारसं रविवारी. मधल्या दिवसांत आमच्याकडे जे झालं ते लेकीचा डोळा लागलाय तोवर लिहून काढते. मध्येच ती उठली तर एखादं वाक्य लंगडं राहील, तेवढं चालवून घ्या.

संकेत माझा धाकटा भाऊ. पुण्यात असतो. त्याला आणि मेघाला मुलगा झाला आणि मी आत्या झाले. एकुलती एक! तिकिटं काढून झाली होती, दोन दोन टोपडी विणून झाली होती, आणि बुधवारी सकाळी अंघोळ घालताना पाहते तर शमिकाच्या पोटावर तीन फोड. दुपारपर्यंत तेरा. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या. दीड वर्षाची माझी लेक गुलाबी लोशन लावून घरभर फिरायला लागली, स्ट्रॉबेरी आइस्क्रीमला पाय फुटल्यासारखी. तान्ह्या बाळाच्या घरी जायचा प्रश्नच मिटला.

"मग नाव कोण ठेवणार गं?" आईने विचारलं.

"कोण म्हणजे? आत्या!"

"आत्या तर भोपाळला."

"आत्या टीव्हीवर. संकेत फोन पाळण्यात धरेल, मी इथून 'कुर्र' करून नाव सांगेन. सोपं तर आहे!"

"मग तुझ्या फोनवरून कर की. टीव्ही कशाला?"

आता आईला कसं सांगू! भाच्याला मी आजवर फक्त फोनवर पाहिला होता. तळहाताएवढ्या पडद्यावर सगळी बाळं सारखीच दिसतात, गुंडाळून ठेवलेल्या रुमालासारखी. संकेत म्हणतो नाक आपल्या बाबांचं आहे. मेघाची आई म्हणते, छे, नाक आमच्याकडचं. मला ते नाक स्वतः बघायचं होतं. कानाची पाळी बघायची होती. बोटं मिटलेली कशी असतात, झोपेत कुठली भुवई उडते, सगळं! तिथे पोचता येत नसेल तर निदान त्रेचाळीस इंच तरी हवा ना मला माझा भाचा!

शेवटी आईने अट घातली.

"बघ हो. मुहूर्त अकरा चाळीसचा आहे. तोवर तुझं ते नीट जमलं तर ठीक. नाहीतर मधुरा करेल."

मधुरा म्हणजे पुण्यात माहेरच्या वरच्या मजल्यावरची. संकेतला लहानपणापासून राखी बांधते. स्वभावाने गोड, आवाज गोड, हातची पुरणपोळीही गोड. हाच तर त्रास आहे!

"काही गरज नाही मधुराची," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी कामाला लागले. आमचं घर भोपाळच्या बाग सेवनियात. घरात नवरा सत्यजित, सासरे म्हणजे बाबा, शमिका आणि मी. बाबा इथल्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेत, पस्तीस वर्षं नोकरी करून. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक असायचं. त्या गेल्यावर बाबांनी एके दिवशी चिठ्ठ्या आणि सुबक अक्षर घेऊन घराला नावं द्यायला सुरुवात केली. 'मोहरी.' 'बाथरूम, गरम.' 'पंखा, हा नव्हे, पलीकडचा.' पहिल्यांदा मला हसू यायचं. आता मीही मोहरी शोधताना वाचते.

तर लॅपटॉपची वायर मी टीव्हीला लावली. टीव्हीवर लॅपटॉप दिसला! शमिकाने टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. मग नीट पाहिलं.

चित्र होतं, पण कुणीतरी तुपाचा हात फिरवल्यासारखं. प्रत्येक अक्षराच्या शेजारी त्याची गुलाबी-हिरवी सावली. शिवाय चारी बाजूंच्या कडा गायब. लॅपटॉपवर खाली घड्याळ असतं ते टीव्हीत नाहीच. चित्र मापापेक्षा मोठं कापलं होतं आणि उरलेलं आत दुमडलं होतं जणू.

"सत्यजित, हे असं का दिसतंय?"

"चष्मा पूस."

"मी चष्मा लावत नाही."

"मग पडदा पूस."

पुसला. पुसल्यावर स्वच्छ पडद्यावर अस्पष्ट चित्र दिसलं.

"रिझोल्युशन असेल," सत्यजित सोफ्यावरून उठत म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही की ते 'व्हायरल असेल' म्हणतात ना, तसं आमच्याकडे रिझोल्युशन. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, आकडे बदलले, टीव्ही काळा झाला. पुन्हा बदलले, टीव्ही निळा झाला. मग घाईघाईत त्याने तीन बटणं एकदम दाबली आणि चित्र परत आलं. उलटं! आकाश खाली, पाय वर!

"काय दाबलंस?"

"दाबलं ते आठवलं असतं तर तेच पुन्हा दाबलं नसतं का?"

आता माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळायचा. सत्यजितने मान तिरकी करून पाहिलं. मग सोफ्यावर आडवा झाला आणि डोकं खाली लोंबकळवून बाण पकडायचा प्रयत्न करू लागला. त्याचं बघून शमिका पण लोंबकळली. तेवढ्यात बाबा पेपर घेऊन आले, खुर्चीत बसले, उलट्या टीव्हीकडे, उलट्या मुलाकडे आणि उलट्या नातीकडे दोन मिनिटं शांतपणे पाहत राहिले.

"हे मुद्दाम आहे का?" त्यांनी विचारलं.

शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर सुलटं झालं. तुपकट होतं ते तसंच.

शुक्रवारी सत्यजितने निकाल दिला की दोष वायरचा. मी शमिकाला बाबांवर सोपवून बिट्टन मार्केट गाठलं. दुकानदाराने माझी तक्रार डोळे मिटून ऐकली, वैद्याने नाडी ऐकावी तशी.

"मैडम, पुरानी वायर में सिग्नल थक जाता है। ये ले जाओ। सोने की पिन है। फोटो ऐसा आएगा कि हाथ लगाने का मन करे।"

"और छोटी वाली नहीं है? ये तो पाँच मीटर की है।"

"लंबी ही ठीक रहती है। लैपटॉप कहीं भी रखो, आराम से बैठो!"

त्याचं म्हणणं पटलं. घरी येऊन लॅपटॉप मागच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, म्हणजे शमिकाच्या हाताबाहेर. सोन्याच्या पिनेची वायर भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत नेली. आता तेच तुपकट चित्र पाच मीटर लांबून येऊ लागलं.

मला मात्र आता राग येईना. कुतूहल वाटायला लागलं. कार्टून लावलं की ते छान दिसतं. सिनेमाही बरा दिसतो. फक्त लॅपटॉपच असा का? टीव्ही तोच, डोळे तेच! म्हणून शनिवारी शमिका झोपल्यावर मी टीव्हीच्या मेनूत शिरले. काय काय असतं हो आत! आपण इतकी वर्षं आवाज आणि चॅनल एवढंच करतो, आणि आत अख्खी चाळ आहे. 'उबदार रंग', 'थंड रंग', 'स्टेडियम'. एका ओळीवर लिहिलं होतं 'शार्पनेस, पन्नास'. अरेच्चा! हेच तर हवंय! मी शंभर केलं आणि चाचणी म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला.

टीव्हीवर आई आली. कोळशाने काढल्यासारखी. प्रत्येक सुरकुतीला काळी किनार, भुवया जाड, आणि वरच्या ओठावर...

"आई, तुला मिशा आल्यात!" मी ओरडले.

टीव्हीतल्या आईचा हात वरच्या ओठाकडे गेला.

"तसं नाही गं! म्हणजे खऱ्या नाहीत. टीव्हीत दिसतायत. चांगल्या झुबकेदार. आणि तुझा कान कापला गेलाय!"

आई इतकंच म्हणाली, "सुचेता, उद्या माझ्याकडे चाळीस माणसं जेवायला आहेत. मला चिरोट्यांचं बघायचंय." आणि फोन बंद झाला. पाच मिनिटांत संकेतचा मेसेज आला: 'ताई, आई आरशासमोर उभी आहे. काय बोललीस तिला?' त्याच्या खाली दुसरा: 'ती म्हणते मधुराला सांगून ठेव.'

खरंच सांगते, एका कुर्रसाठी माणूस इतकं कासावीस होतं हे मला ठाऊक नव्हतं. पण मी सहा वर्षं भोपाळला आहे. माहेरचं सगळं मला फोटोत कळतं. नव्या पडद्यांचा रंग फोटोत, मेघाचं डोहाळजेवण फोटोत. ही एकच जागा अशी होती की जिथे माझ्यावाचून अडायला हवं होतं. आणि तिथे एक पर्यायी आत्या नेसून सवरून उभी राहणार होती!

रविवार उजाडला. मी साडी नेसले, केसात गजरा माळला. सत्यजित भाजीला गेला होता. सव्वाअकराला कॉल जोडला. शार्पनेस मी परत पन्नासवर आणला होता, त्यामुळे पुणं दिसलं ते तुपातलं. पाळणा हलत होता हे कळत होतं, पण त्यात बाळ आहे की बाळंतविडा हे कळायला मार्ग नव्हता.

"ताई, दिसतंय का?" संकेतने विचारलं.

"छान दिसतंय!" मी खोटं बोलले. त्याच्या मागे जांभळं काहीतरी सरकलं. मधुराची पैठणी! ती मला लगेच ओळखू आली.

इकडे शमिकाने रिमोट पटकावला होता. ती एकच बटण दाबत होती. टीव्ही लॅपटॉपवरून निघून जायचा आणि परत यायचा. परत आला की कोपऱ्यात दोन सेकंद बारीक अक्षरं उमटायची आणि विरायची. तीन दिवस ती उमटत असणार. मी कधी वाचलीच नव्हती.

"शमू, परत कर गं!"

तिने परत केलं. मी वाचलं. 'सेट टॉप बॉक्स.'

आमच्याकडे सेट टॉप बॉक्स नाही! होता, दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. मग टीव्ही माझ्या लॅपटॉपला सेट टॉप बॉक्स का म्हणतोय? मी भिंतीला गाल लावून टीव्हीच्या मागे डोकावले. वायर जिथे खोचली होती त्या भोकावर चिठ्ठी होती. सुबक अक्षरात: 'सेट टॉप बॉक्स.'

"बाबा!"

बाबा आले. "हो, मीच लिहिलंय. बाहेर चिठ्ठी, आत मेनूत तेच नाव. दोन्ही जुळलं पाहिजे. का?"

मी मेनूत शिरले. नावांची यादी होती: सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, गेम, पीसी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! टीव्हीला जे नाव सांगितलंय त्यावर तो विश्वास ठेवतोय. त्याला वाटतंय, हा सेट टॉप बॉक्स आहे, यातून मालिका येणार. म्हणून तो कडा छाटतो, चेहरे मऊ करतो, आपल्या परीने सजवतो बिचारा. त्याला कुणी सांगितलंच नाही की आता कॉम्प्युटर आलाय, जसं आहे तसं दाखव!

"बाबा, मी हे नाव बदलते," मी रिमोट उचलत म्हणाले.

"थांब."

बाबांचा आवाज कारखान्यातला होता.

"टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. आमच्याकडे नियम होता. दुरुस्ती चालू असताना स्विचवर एकाने टॅग लावला, तर दुसऱ्याने हात लावायचा नाही. नाहीतर आत कुणाचा तरी हात जातो."

"बाबा, टीव्हीत कुणाचाही हात नाहीये!"

"नियम हात बघून बदलत नाही. वही आण."

"कुठली वही?"

"टॅगची."

वही होती! आणि ती कुठे आहे याचीही चिठ्ठी होती. अकरा सव्वीसला बाबांनी चष्मा शोधला. अकरा अठ्ठावीसला पेन उमटेना म्हणून ते झटकलं. अकरा एकतीसला त्यांनी लिहायला घेतलं: तारीख, वार, टॅग काढण्याचं कारण.

"कारण काय लिहू?"

"बाबा, बारसं लिहा! मुहूर्त जातोय!"

"बारसं," ते अक्षर अक्षर उच्चारत लिहू लागले. "पुणे. सूनबाईंच्या भावाचं..."

अकरा पस्तीसला त्यांनी टीव्हीमागची चिठ्ठी सोलून काढली, घडी करून खिशात घातली, रिमोट घेतला आणि 'पीसी' निवडून बटण दाबलं.

देवा रे!

जणू कुणी खिडकीवरचं धुकं एका फटक्यात पुसलं. कडा आल्या. खालचं घड्याळ आलं. अक्षरं सुईने कोरल्यासारखी. आणि पाळणा! पाळण्याला गुंडाळलेल्या शेवंतीच्या पाकळ्या वेगळ्या वेगळ्या दिसत होत्या. आईची साडी, तिच्या कपाळावरचा घाम, आणि ओठ अगदी नितळ. बाबा खुर्चीच्या कडेला येऊन बसले. "मऊ करून दाखवत होता म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले. "आपण सांगितलं होतं म्हणून."

"संकेत, बाळ दाखव!"

संकेतने फोन पाळण्यात नेला. आणि माझ्या दिवाणखान्यात, त्रेचाळीस इंचात, माझा भाचा झोपला होता. नाक? नाक कुणाचंच नव्हतं, सांगते तुम्हाला. नाक त्याचं स्वतःचं होतं, वाटाण्याएवढं. पापण्यांना घाम. गालावर दुधाचा वाळलेला थेंब. शमिका पुढे गेली आणि तिने पडद्यावरच्या त्या गालावर आपला गुलाबी ठिपक्यांचा गाल टेकवला. मला पुढचं दिसेना. यात टीव्हीचा दोष नव्हता.

"मुहूर्त झाला, आत्याबाई!" पलीकडून गलका झाला. पाळणा सुरू झाला, बायका गाऊ लागल्या. संकेतने फोन आणखी जवळ नेला आणि सगळा पडदा एका कानाने भरला. परातीएवढा कान! कडेला सोनेरी लव. आत एक वळण, त्याच्या आत आणखी एक.

मी पुढे झाले. गुडघे टेकले. दोन्ही हातांचा द्रोण करून त्या कानाला लावला. तोंड नेलं. डोळे मिटले.

"कुर्रऽऽऽ!"

आत्या नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते इथे कोण घालणार, असं आदल्या दिवशी मनात आलं होतं. शमिकाने घातले. चांगले घातले!

"आशय," मी म्हणाले. अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जावं असं. "आशय, आशय. मी आत्या. तुझी खरीखुरी आत्या."

टीव्हीतून हाका येत होत्या. "ताई! ताई! अगं इकडे! मागे!" किती प्रेमळ माणसं, मला वाटलं. सगळ्यांना भरून आलंय. मी डोळे मिटूनच हसले आणि आणखी एकदा कुर्र केलं.

"अगं सुचेता, तुझी पाठ दिसतेय नुसती! बोलतेयस का काही? ऐकू येत नाही!" ही आई.

पाठ?

लॅपटॉप! माइक लॅपटॉपला, कॅमेरा लॅपटॉपला, आणि लॅपटॉप माझ्या मागे, पाच मीटरवर, वरणाच्या पातेल्याशेजारी! त्यांना तिकडे दिसत होती एक साडी, एक गजरा आणि माझ्या पाठीवर ढोल बडवणारी स्ट्रॉबेरी!

मी डोळे उघडले. समोर आता पूर्ण कान नव्हता. कानाच्या अर्ध्या भागावर एक झुमका लोंबत होता. मधुराचा. इतकं स्पष्ट चित्र मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. झुमक्याला सात मोती होते, एक किंचित पिवळा. मोत्यांमागे तिचे ओठ हलले. टाळ्या झाल्या. घड्याळात अकरा बेचाळीस.

"राहवलं नाही गं ताई, मुहूर्त चालला होता," मधुरा फोनजवळ येऊन म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिच्यावर रागावता येत नाही, हा तर जुनाच त्रास.

मग संकेतने फोन पुन्हा बाळाच्या कानाला लावला, मी पळत जेवणाच्या टेबलाशी गेले, लॅपटॉपवर वाकून नाव दुसऱ्यांदा सांगितलं, आणि आशयने एक डोळा अर्धा उघडून जांभई दिली. आई म्हणाली, चला, दोन आत्या झाल्या, पोराचं नशीब. सगळे हसले. मीही हसले.

तरी एक हिशेब मी सोडलेला नाही. नाव पहिल्यांदा मीच घेतलंय, मधुराच्या निदान अर्धं मिनिट आधी. बाबा साक्षीला आहेत. फक्त ते ज्याच्या कानात सांगितलं, तो बाग सेवनियात आमच्या भिंतीवर टांगलेला आहे.